दारावरचा त्रिफोन

१ फेब्रुवारी

आज संत त्रिफोनचा दिवस, म्हणजे माझ्या त्रिफोनचा नामदिन, आणि मी तो साफ विसरले होते. सकाळी पाव आणायला खाली उतरले, तर इमारतीच्या बाहेरच्या दारावर, काचेच्या अगदी मधोमध, काळ्या चौकटीत माझा नवरा हसत होता. पिशवी हातात धरून मी तिथेच थिजले. त्याला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाला, सगळे लावतात तसे स्मरणाचे कागद मीही या दारावर लावले होते. नामदिनाचा कागद मात्र आजवर कुणी लावलेला पाहिला नाही. फोटोखाली लिहिलं होतं, 'हसऱ्या त्रिफोनला, नामदिनी. विसर न पडलेले.' ते शेवटचे शब्द मला तोंडात मारल्यासारखे लागले.

गेनादी जिन्याखाली गोंदाचा डबा आणि ब्रश धूत होता. तो चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीचा कारभार बघतो. जिन्यातले दिवे, गळके नळ, वर्गणी, सगळं त्याच्याच गळ्यात. त्रिफोनच्या शवपेटीचा एक कोपरा त्याच्या खांद्यावर होता.

"तू लावलास?" मी विचारलं.

"लावला एकदाचा. तू विसरलीस ना?"

"साफ."

"बघ. आणि म्हणे रेफरी." एवढं बोलून डबा घेऊन तो वर गेला.

शाळेत मी तीस वर्षं खेळ शिकवला आणि शनिवार-रविवार व्हॉलीबॉलच्या सामन्यांत शिट्टी वाजवली. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, हे माझ्या नजरेतून सुटलं असं अख्ख्या प्लोवदिवमध्ये कुणी म्हणणार नाही. आणि घरचा नामदिन सुटला. संध्याकाळी मृतांसाठी करतात तसे गहू शिजवले, साखर-अक्रोड घालून वाट्या भरल्या आणि गल्लीत वाटल्या. बेकरीवाली म्हणाली, "फोटो किती छान निवडलास गं." तो मी निवडला नव्हता, माझ्याकडे तो फोटोच नाही. पण मी "हं" म्हटलं.

११ फेब्रुवारी

वाऱ्यानं त्रिफोनचा कागद कोपऱ्यात फाटला. बाजारातून येईपर्यंत गेनादीनं त्यावर नवा चिकटवलाही. बाकीचे चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून मोकळे होतात, यानं अख्ख्या कागदाला मागून गोंद लावलाय. मी म्हटलं, अरे, इतकं काय. तर म्हणाला, "मित्र होता माझा."

मृताच्या कागदाला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. ऊन-पावसानं निघेल तेव्हाच तो निघायचा. पण पावसाच्या आधी धावणारा असा शेजारी कुणाला मिळतो?

दाफिनाला वर जाऊन हे सांगायला हवं. दाफिना म्हणजे गेनादीची बायको, माझी इथली सर्वांत जुनी मैत्रीण. कमरेचं हाड मोडल्यापासून ती खाली उतरलेली नाही, चार वर्षं झाली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ती गॅलरीतून दोरीला टोपली सोडते, मी त्यात पाव ठेवते, आणि दोघी एकमेकींना वरून-खालून टोमणे मारतो.

२५ मार्च

शेजारचं बैठं घर सकाळी होतं, दुपारी नव्हतं. मी चहा ओतत होते आणि खिडकीतून एक लोखंडी पंजा त्याच्या छपरात उतरताना दिसला. तुतीचं झाड तर त्यांनी मुळासकट उचललं. हातातली किटली खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

संध्याकाळी कुंपणावर फलक लागला. सात मजले, आणि जमिनीखाली गाड्यांसाठी आणखी दोन. बांधणारा कुणी काल्चेव. चित्रात आमची इमारतच नाही, तिच्या जागी ढग काढलेत. त्यांची भिंत इतकी जवळ येणार आहे, की माझ्या स्वयंपाकघरातून हात लांब केला तर त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालता येतील.

गेनादीला विचारलं. "थोडी धूळ होईल," तो म्हणाला. "शहर वाढतंय, वासिल्का. ते काय तुला विचारून वाढेल?"

२७ मार्च

पालिकेत गेले. खिडकीमागची बाई तरुण, नम्र आणि दगडासारखी.

"हरकतीची मुदत संपली, आजी."

"सुरू कधी झाली होती?"

"नोटीस तुमच्या दारावर चिकटवली तेव्हा. एकतीस जानेवारीला, संध्याकाळी. दोन आठवडे मुदत होती, एकाही रहिवाशानं हरकत घेतलेली नाही."

मी म्हटलं, पोरी, त्या दारातून मी दिवसातून चार वेळा जाते-येते. तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. दार आमचंच होतं, खालच्या काचेला गेलेली चीर मी ओळखली. काचेच्या मधोमध पालिकेची नोटीस, शिक्क्यासकट.

माझे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. परतताना बसमध्ये माझा थांबा निघून गेला. नोटीस होती आणि मी पाहिली नाही, इतकी का मी म्हातारी झाले? की पोरांनी फाडली? का वाऱ्यानं गेली? गेनादी म्हणतो वाऱ्यानंच गेली असणार, त्या आठवड्यात वारा फार होता.

२९ मार्च

बिल्यानाला बोलावलं. माझी जुनी विद्यार्थिनी, ताडमाड उंच, आता बांधकामाच्या तंट्यांची वकील आहे. शाळेत असताना जाळ्याला हात लागला तरी शपथेवर नाही म्हणायची. अशीच मुलं वकील होत असावीत.

कागद वाचून तिनं चष्मा काढला. "बाई, हा परवाना मुळात चुकीचा आहे. दोन इमारतींत कायद्यानं जेवढं अंतर लागतं, त्याच्या निम्मंही नाही. आणि तुमचा पाया तपासल्याशिवाय शेजारी इतकं खोल खणताच येत नाही."

"मग थांबव की."

"चुकीचा आहे, पण पक्का झालाय. वेळेत कुणी बोललं नाही की चुकीचा कागदसुद्धा पक्का होतो."

"म्हणजे चेंडू बाहेर पडला, पण शिट्टी वाजली नाही म्हणून गुण द्यायचा?"

"तसंच. एकच वाट आहे. नोटीस तुम्हाला दिसण्यासारखी नव्हती हे दाखवता आलं, तर मुदत सुरूच झाली नाही असं म्हणता येईल. नीट आठवा."

मी खूप आठवलं. दारावर मला फक्त त्रिफोन आठवतो.

१४ एप्रिल

निजायच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. सकाळी अंथरूण आवरताना दिसला, खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत. बोट लावलं तर गार हवा लागली. घराच्या आत, भिंतीतून, बाहेरची हवा. मी बोट काढून घेतलं आणि बराच वेळ त्या बोटाकडेच बघत बसले.

बिल्यानानं एक इंजिनियर पाठवला. त्यानं तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चुन्यानं बसवली. भिंत हलली तर काच फुटेल, म्हणाला. आता रोज उठल्यावर आधी काच बघते, मग तोंड धुते.

२१ एप्रिल

काच फुटली.

७ मे

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

काल्चेवच्या ट्रकनं दारावर चिखल उडवला आणि त्रिफोनच्या तोंडभर शिंतोडे बसले. मला ते बघवेना. वरून ओलं फडकं आणलं आणि पुसायला लागले, तर कागदच सुटायला लागला. माणसाचा कागद काढू नये हे मला कळतं, पण बायकोनं काढला तर चालत असेल, असं मनाला सांगितलं आणि हलक्या हातानं कोपरा उचलला. त्याच्या खाली त्रिफोनच होता, वाऱ्यानं फाटलेला, आधीचा. तोही उचलला. त्याच्या खाली पालिकेचा शिक्का होता.

त्रिफोनच्या हनुवटीखाली, इतके दिवस, गोंदानं बसवलेली, नोटीस.

मी फडकं टाकलं आणि पायरीवर बसले. बेकरीवाली धावत आली, तिला वाटलं मला चक्कर आली. मी बिल्यानाला फोन केला. ती म्हणाली, "बाई, कशालाही हात लावू नका, मी आले." तिनं येऊन सगळ्या बाजूंनी फोटो काढले, वरचा कागद, मधला कागद, खालची नोटीस, आणि बेकरीवालीला साक्षीला उभं केलं. मला विचारलं, "हा कागद कुणी लावला होता?"

"गेनादीनं. बिचारा, त्यानं नोटीस पाहिलीच नसेल. चष्मा लावत नाही तो."

बिल्यानानं मागच्या गोंदाचा आणखी एक फोटो काढला.

मी तशीच चौथ्या मजल्यापर्यंत चढले, पंचविशीतल्यासारखी. गेनादीला म्हटलं, अरे, आपण वाचलो. नोटीस सापडली, त्रिफोनच्या खाली होती, म्हणजे कुणालाच दिसली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आनंदानं काहींचं असंच होतं. म्हणाला, "दे, मी नेतो पालिकेत. कारभारी मी आहे." मी सांगितलं, दारावरच आहे, बिल्याना म्हणते हात लावायचा नाही.

८ मे

सकाळी दार लख्ख. गेनादीनं पहाटे उठून काच घासून काढली, साबणानं, पात्यानं. ना नोटीस, ना त्रिफोन. सफाई करायला याला आजचाच दिवस मिळावा. बिल्यानाला कळवलं तर तिनं आधी किती वाजता घासलं ते विचारलं. मग म्हणाली, "फोटो आहेत, बाई. काळजी करू नका. पण तुम्ही आता गेनादींना काही सांगत जाऊ नका."

वकिलांना सगळेच चोर दिसतात.

१२ मे

चीज भरलेली बानित्सा भाजली आणि निम्मी घेऊन दाफिनाकडे गेले. ती स्वयंपाकघरात तिच्या हातांच्या खुर्चीत बसून कॉफी करते, शेगडी तेवढ्यासाठी खाली घेतलीय. गेनादी घरी नव्हता.

"फोटो छान आला होता, नाही?" ती म्हणाली. "आमच्या भाच्याच्या, पेत्कोच्या लग्नातला. त्रिफोनच्या हातात ग्लास होता, तो मी कात्रीनं कापून टाकला. म्हटलं, स्मरणाच्या कागदावर ग्लास बरा दिसत नाही."

"तू कापलास?"

"मग? गेनादी म्हणाला, वासिल्कानं सांगितलंय, नामदिनासाठी चांगलासा फोटो काढून दे."

"मी कुठे सांगितलं गं? मी तर विसरलेच होते. त्याचं त्यालाच सुचलं."

कॉफी उतू गेली. तिनं भांडं उतरवलं नाही, ते मी उतरवलं. पाय चालत नसले तरी हात चालवावेत की, असं चिडवलं तरी ती हसली नाही. मला विचारलं, "नोटीस कुठे सापडली म्हणालीस?"

"सांगितलं ना, त्या कागदाखाली."

मग ती म्हणाली, मला गॅलरीत ने. काठीवर आणि माझ्या खांद्यावर भार टाकत ती गॅलरीत आली. ती कठड्याला धरून खालच्या खड्ड्याकडे बघत राहिली.

"त्या इमारतीला लिफ्ट असणार," ती म्हणाली.

"असेल की. आपल्याला काय त्याचं?"

बानित्साला तिनं हात लावला नाही. कंबर फार दुखत असावी.

२२ मे

बिल्यानानं आज मला समोर बसवून एकेक प्रश्न विचारला, जशी मी शाळेत तिला विचारायचे. नामदिनाचा कागद लावायची पद्धत आहे का? नाही. अख्ख्या कागदाला गोंद कोण लावतं? कुणी नाही. फाटल्यावर तासाभरात दुसरा कशाला? नोटीस सापडल्यावर दुसऱ्या दिवशी काच कशाला घासली? आणि दाफिनाला खोटं का सांगितलं?

पाचव्या प्रश्नाला मी खुर्चीतून उठले. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी हे सगळं याच वहीत लिहिलंय, माझ्या हातानं, आणि वर त्याचं कौतुक केलंय.

गेनादी जिन्यात दिवा बदलत होता. शिडीवर होता म्हणून मला मान वर करून बोलावं लागलं.

"त्रिफोनचा कागद नोटीस झाकायला लावलास?"

तो खाली उतरला नाही. दिवा फिरवत राहिला. मग म्हणाला, "नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लिफ्ट थेट फुटपाथपर्यंत. काल्चेवनं शब्द दिलाय. चार वर्षांत तिनं जमिनीला पाय लावलेला नाही, वासिल्का. तू टोपलीत पाव ठेवतेस आणि घरी जातेस. तिला आंघोळ मी घालतो."

"आणि माझी भिंत?"

"भिंतीला काही होत नाही. जन्म क्रेनवर काढलाय मी, मला शिकवू नकोस."

"माझ्या नवऱ्याचं तोंड वापरलंस तू."

"मग कुणाचं वापरू?" तो म्हणाला. "दुसरा कुणी असता तर पोरांनी फाडला असता. त्रिफोनला कुणी हात लावला नसता. गल्लीत सगळ्यांना आवडायचा तो."

तो हे स्तुती केल्यासारखं बोलला. शरम नाही, राग नाही, एखाद्या कामाला चांगला खिळा मिळाला म्हणून सांगावं तसं. शिडीला लाथ घालावी असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची भीतीही वाटली.

११ जून

कोर्ट. बिल्यानानं फोटो दाखवले, बेकरीवाली बोलली, न्यायाधीश बाई मान हलवत होत्या. मला वाटलं, आता शिट्टी वाजते. तेवढ्यात काल्चेवचा वकील उठला, पातळ मिशीचा.

"कागद नोटिशीवर होता हे आम्हाला मान्यच आहे," तो म्हणाला. "पण लावला कुणी? या बाईंच्याच सांगण्यावरून लागला. स्वतः झाकलेली नोटीस दिसली नाही अशी तक्रार कुणाला करता येत नाही."

आणि त्यानं गेनादीला बोलावलं.

गेनादी लग्नातल्या कोटात आला होता. शपथ घेतली. न्यायाधीश बाईंच्या मागच्या भिंतीवर राजमुद्रेतला जो सिंह आहे, त्याच्याकडे बघत म्हणाला, "तिनं मला सांगितलं, नामदिनाला कागद लाव. मी लावला. नोटीस होती की नव्हती, मी बघितलं नाही."

मी उठले. बिल्यानानं हात ओढला तरी उठले. "मी सांगितलं नव्हतं. मी त्याचा नामदिन विसरले होते."

"नवऱ्याचा नामदिन विसरलात?" मिशीवाल्यानं विचारलं. "आणि त्याच दिवशी गहू वाटलेत. फोटो छान निवडलास म्हटल्यावर हो म्हणालात. बेकरीवाल्या बाई, खरं ना?"

बेकरीवाली बिचारी खाली बघायला लागली. ती खोटं कशाला बोलेल? मी खाली बसले. माझा शब्द आणि त्याचा शब्द. न्यायाधीश बाई म्हणाल्या, या गोष्टीची माहिती असलेलं आणखी कुणी असेल तर पुढच्या तारखेला आणा, नाहीतर आहे त्यावर निकाल देईन. चार जुलै.

बाहेर गेनादी माझ्या शेजारून गेला. शवपेटीचा कोपरा ज्या खांद्यावर होता, त्याच खांद्याचा मला धक्का लागला. तो "माफ कर" म्हणाला, अनोळखी बाईला म्हणावं तसं.

१३ जून

बिल्याना म्हणते दाफिनाला बोलवू. फोटो तिनं कापलाय, गेनादी तिला काय म्हणाला ते तिलाच माहीत आहे.

मी नाही म्हटलं. खोट्या साक्षीला शिक्षा आहे, हे बिल्यानानंच सांगितलं. म्हणजे दाफिना खरं बोलली की नवरा आत. मग तिला आंघोळ कोण घालणार, न्यायाधीश बाई? आणि ती कोर्टात येणार कशी, टोपलीतून?

"मग घर जाईल, बाई," बिल्याना म्हणाली.

"बघू."

काय बघू, ते मला माहीत नाही. नवऱ्याची पेन्शन, माझी पेन्शन आणि हे घर, याच्यापलीकडे माझं काही नाही. तरी दाफिनाला विचारायला जीभ रेटत नाही. महिनाभर मी वर गेलेले नाही. टोपली खाली येते, मी पाव ठेवते. दोघीही वर-खाली बघत नाही.

२६ जून

निजायच्या खोलीचं दार बसेना. इंजिनियर आला, नवी काचही फुटलेली बघितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, खालचा दुसरा मजला खणायला लागले की मी या भिंतीची जबाबदारी घेणार नाही, तुम्ही दुसरीकडे राहायला जा. ते सात जुलैला, सोमवारी, खणणार आहेत. मी पलंग ओढत दिवाणखान्यात आणला. त्रिफोन असता तर दोघांनी उचलला असता.

४ जुलै

काम थांबलं. ते आधी लिहून टाकते. निकाल लागेपर्यंत खोदायला बंदी, आणि आमची हरकत वेळेत धरली. माझी भिंत आहे तिथे राहील. मला नाचायला हवं होतं, पण मी अजून सकाळच्या जिन्यातच आहे.

आठ वाजता बिल्यानाचा फोन आला. "बाई, वर या, चौथ्यावर. दाफिनाबाईंनी मला स्वतः फोन केलाय."

दार उघडं होतं. दाफिना तिच्या हातांच्या खुर्चीत बसली होती, तपकिरी कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर पर्स. चार वर्षांत मी तिला कोटात पाहिलं नव्हतं. गेनादी टेबलापाशी बनियनवर, पायांत सपाता, समोर न प्यालेली कॉफी.

"तू विचारायला येशील म्हणून महिनाभर वाट बघितली," ती मला म्हणाली. "गाढव आहेस."

"दाफिना, त्याला शिक्षा होईल गं."

"मला सगळं माहीत आहे. खुर्ची उचला."

मी मागून धरली, बिल्यानानं पुढून पाय धरले. पहिल्या वळणापर्यंत कशीबशी पोचलो. माझी कंबर कडकडली, खुर्ची कलली आणि दाफिना कठड्यावर आपटता आपटता वाचली. तिनं ओरडायचं सोडून पर्स घट्ट धरली. मी खुर्ची टेकवली, आता उचलणं माझ्यानं होणार नव्हतं. वर दारात गेनादी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं, आता हा दार लावून घेईल.

तो खाली आला. मला खांद्यानं बाजूला केलं.

"सोड. तुझ्यानं होणार नाही," तो म्हणाला. "खुर्ची मागे कलती धरायची असते, तिचा भार माझ्यावर आला पाहिजे." आणि बिल्यानाला, "तू पुढे. पाय खालून धर, वरून नाही. माझ्या बोलण्यावर चाल."

मी भिंतीला चिकटले. ते दोघं तिला घेऊन उतरू लागले आणि मी तिची काठी घेऊन मागे. प्रत्येक मजल्यावर तो खुर्ची टेकवायचा, बनियनच्या टोकानं आधी तिचं कपाळ पुसायचा, मग स्वतःचं. माझ्या दारापाशी आल्यावर दाफिना त्याच्याकडे मान वळवून म्हणाली,

"गेनादी, मी तिथे काय सांगणार आहे ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "कोपर आत घे, कठड्याला लागेल."

खाली दार मी उघडलं. ऊन थेट तिच्या तोंडावर आलं आणि तिनं डोळे मिटून घेतले. टॅक्सी उभी होती. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचलून आत बसवलं, कोट नीट केला, रुमालाची गाठ सैल होती ती आवळली. मग बिल्यानाला विचारलं, "कोर्टाला पायऱ्या किती आहेत?"

"बऱ्याच आहेत," ती म्हणाली.

तो तसाच, सपाता घालून, पुढच्या सीटवर बसला.